यादी खालून भरायला घेतली तेव्हा

जून २०२५च्या अखेरीस नाशिकच्या सिडकोतलं एक कुटुंब संध्याकाळी माझ्याकडे आलं. वडील अंबड एमआयडीसीत कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या एका कारखान्यात वायरिंगचं काम बघतात, आई घरी शिवणकाम करते आणि मुलगी अकरावी-बारावीची दोन्ही वर्षं माझ्या भौतिकशास्त्राच्या वर्गात होती. आईच्या हातात पेढ्यांचा डबा, मुलीच्या हातात कागदपत्रांची फाईल आणि वडिलांच्या हातात एका खाजगी सल्लागाराने पैसे घेऊन काढून दिलेली यादी. त्या यादीत १५० पर्याय होते.

"मॅडम, एकदा नजर टाका. फॉर्म सुरू झाला की हीच भरून टाकतो," वडील म्हणाले.

इंजिनिअरिंगच्या कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेशासाठी ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेज-शाखांची पसंतीक्रमाने यादी, भरायला मदत करण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. या घराचं प्रकरण मुद्दाम सविस्तर लिहिते आहे, कारण यादी 'संतुलित' असणं म्हणजे काय, हे मला स्वतःला या मुलीबरोबर काम करताना नीट उमगलं. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, फक्त नावं टाळली आहेत.

मुलीचे सीईटीचे गुण ९३.६ पर्सेंटाइल. पेढे त्याचेच होते. शेजारीपाजारी सगळ्यांना ते ९३ टक्के वाटत होते आणि वडिलांनी ते खोडून काढलं नव्हतं. मी कागदावर साधा हिशोब मांडला. पीसीएम (भौतिकशास्त्र-रसायनशास्त्र-गणित) गटाला चार लाखांहून जास्त मुलं बसली, त्यातली ६.४ टक्के हिच्या पुढे. म्हणजे पंचवीस हजारांहून जास्त मुलं रांगेत आधी उभी आहेत. वडील गप्प झाले. मुलीला मात्र हे माहीत असावं, तिने मान डोलावली. गुण चांगलेच आहेत, हेही मी त्याच दमात सांगितलं. पण कॉलेजच्या दारात पर्सेंटाइल नव्हे, गुणवत्ता क्रमांक उभा राहतो, आणि हे आधी मनात बसलं नाही तर पुढची सगळी यादी हवेत बनते.

आता त्या छापील यादीबद्दल. ती चुकीची माहिती देत नव्हती. सल्लागाराने मागच्या वर्षीचे कटऑफ घेतले होते आणि सर्वांत वरच्या कटऑफपासून खाली उतरत कॉलेजं लावली होती. दिसायला नीटस. पण फॉर्म ज्या पद्धतीने वाचला जातो, त्या पद्धतीशी तिचा काही संबंध नव्हता. संगणक तुमच्या यादीत वरून खाली येतो आणि तुमच्या गुणवत्ता क्रमांकाला जी पहिली रिकामी जागा मिळते, ती देतो. वरच्या दहा ठिकाणी जागा मिळाली नाही म्हणून अकराव्या ठिकाणी तुमचं वजन कमी होत नाही. म्हणून क्रम लावायचा तो आवडीचा. कटऑफ लागतो तो यादीत काय घ्यायचं आणि किती खालपर्यंत जायचं, हे ठरवायला. या दोन गोष्टींची गल्लत मी दरवर्षी बघते, आणि त्यात मुलांचं खरंखुरं नुकसान होतं.

हिच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पुण्याच्या एका नावाजलेल्या कॉलेजची सिव्हिल शाखा होती. मी विचारलं, "सिव्हिल करायचंय तुला?" ती म्हणाली, "नाही मॅडम. पण कॉलेज मोठं आहे ना." २०२५पासून कॅपच्या चार फेऱ्या झाल्या आणि ऑटो फ्रीझचा, म्हणजे मिळालेली जागा आपोआप पक्की होण्याचा, नियम बदलला. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतला, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतला. तो नाकारला तर पुढच्या फेऱ्यांतून मुलगी बाहेर. दुसऱ्या फेरीत ती सिव्हिलची जागा लागली असती तर हिचं शिक्षण तिथेच ठरलं असतं, तेही हिने न मागितलेल्या शाखेत.

यादीच्या शेवटी तर चाळीसेक कॉलेजं अशी होती जी या तिघांपैकी कोणी नकाशावरही दाखवू शकलं नसतं. "तिकडे पाठवणार का?" आईने ताडकन उत्तर दिलं, "छे, तिकडे कोण पाठवतंय!" मग ती लिहायची कशाला, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. फॉर्ममध्ये ३०० पर्याय भरता येतात म्हणून लोक भरत जातात.

मी ती यादी बाजूला ठेवली आणि कोरा कागद घेतला. आधी शेवटची ओळ लिहायला सांगितली. बाकी कुठेच लागलं नाही तर तू कोणत्या कॉलेजात, कोणत्या शाखेत, कुरकुर न करता जाशील? वरची स्वप्नं कोणीही लिहितं. तळ ठरवायला मात्र घरात बोलावं लागतं, आणि या घरात ते बोलणं झालेलंच नव्हतं. वडिलांना फक्त कॉम्प्युटर हवं होतं, कॉलेज कोणतंही चालेल. आईला मुलगी नाशिकमध्ये हवी होती, शाखा कोणतीही चालेल. मुलीला पुण्याला जायचं होतं, आणि ते तिने त्या संध्याकाळी पहिल्यांदा वडिलांसमोर उच्चारलं. शाखेबद्दल तिचं म्हणणं असं की कॉम्प्युटर चालेल, ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) जास्त आवडेल, इलेक्ट्रिकलही नक्की चालेल. वडील चमकले. "इलेक्ट्रिकल? माझ्यासारखं पॅनलमध्ये हात घालायला?" ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही आणता ते ड्रॉइंग मला वाचता येतं."

अंबड-सातपूर पट्ट्यात विजेची उपकरणं बनवणारे कारखाने किती आहेत हे त्या बाबांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी स्वतःच्या मुलीसाठी ती शाखा त्यांच्या डोक्यात आली नव्हती. मी त्यांना दोष देत नाही. आयुष्यभर ज्या कामाने हात काळे केले, ते काम मुलीच्या वाट्याला नको, असं कोणत्या बापाला वाटत नाही?

त्या रात्री यादी झाली नाही. एवढंच ठरलं की तळाची तीन-चार कॉलेजं प्रत्यक्ष बघून यायची.

पुढच्या आठवड्यात बापलेकीने दोन दिवस काढले. सिडकोहून सिटीलिंकच्या शहर बसने गंगापूर रोडला मविप्र संस्थेच्या ठाकरे कॉलेजात जाऊन आले, मग पंचवटी ओलांडून अमृतधामला के. के. वाघला. त्र्यंबक रोडचं आणि एकलहऱ्याचंही एकेक कॉलेज झालं. मी त्यांना प्रवेश कार्यालयात फार वेळ घालवू नका असं सांगितलं होतं. कॅन्टीनमध्ये दुसऱ्या वर्षाच्या मुली शोधा आणि त्यांना विचारा: प्रॅक्टिकल स्वतःच्या हाताने करायला मिळतं का, की एक जण करतो आणि बाकी बघतात? मागच्या सत्रात किती तास रिकामे गेले? तुमच्या शाखेसाठी कंपन्या येतात की सगळ्यांना एकाच सॉफ्टवेअर कंपनीच्या परीक्षेला बसवतात? घरून यायला खरा किती वेळ लागतो? मुलीने उत्तरं वहीत लिहून आणली. एका कॉलेजबद्दल तिने लिहिलं होतं, "लॅबला कुलूप. किल्ली कोणाकडे आहे, विचारलं, कोणालाच सांगता आलं नाही." ते कॉलेज सल्लागाराच्या यादीत बरंच वर होतं. आमच्या यादीतून ते गेलं.

मग तळ ठरला. नाशिकमधल्या दोन कॉलेजांची इलेक्ट्रिकल आणि एकाची ई अँड टीसी. वहीत त्या तिन्ही नावांसमोर तिने टिक केली होती. यानंतरच आम्ही कटऑफचे तक्ते उघडले.

हे तक्ते पहिल्यांदा बघणाऱ्याला घाबरवतात, म्हणून थोडं थांबून सांगते. प्रत्येक जागेच्या डोक्यावर एक संकेत असतो. सुरुवातीचं अक्षर जी असेल तर सर्वसाधारण, एल असेल तर मुलींसाठीची जागा. मधे प्रवर्ग. शेवटचं अक्षर एच असेल तर गृह विद्यापीठाची जागा, ओ असेल तर बाहेरच्या विद्यापीठाच्या मुलांसाठी, एस असेल तर सगळ्या राज्यासाठी. नाशिककरांसाठी यातलं एच हे अक्षर सोन्यासारखं आहे, आणि कित्येकांना ते माहीतच नसतं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे तिन्ही जिल्हे येतात. म्हणजे पुण्यातल्या संलग्न कॉलेजांच्या एच रांगेत नाशिकची मुलगी घरचीच असते. मुंबईच्या कॉलेजांसाठी ती बाहेरची. सीओईपी हे पुण्याचं जुनं सरकारी अभियांत्रिकी कॉलेज आता स्वतंत्र विद्यापीठ आहे, तिथे राज्यपातळीची रांग लागते. सल्लागाराने सगळीकडे खुल्या प्रवर्गाचा एकच आकडा घेतला होता. ही मुलगी इतर मागास प्रवर्गातली, त्यामुळे तिच्यासाठी एल-ओबीसी-एच ही रांग बघायला हवी होती, आणि ती बघितल्यावर पुण्यातली काही दारं किलकिली झाली.

आम्ही तीन वर्षांचे तक्ते घेतले आणि पर्सेंटाइल सोडून गुणवत्ता क्रमांक मांडले. दरवर्षी परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या बदलते, कॉलेजांच्या जागा बदलतात, तेव्हा एका वर्षाच्या आकड्यावर विसंबणं धोक्याचं. पहिल्या फेरीचा आकडा आणि शेवटच्या फेरीचा आकडा दोन्ही लिहिले. कुठे ते जवळजवळ होते, कुठे शेवटच्या फेरीत रांग बरीच खाली सरकली होती. जिथे सरकते, तिथे थांबण्यात अर्थ असतो.

याच कामात फाईल चाळताना नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदत संपलेली दिसली. ३१ मार्च २०२५लाच संपली होती. २०२५-२६च्या प्रवेशाला ते ३१ मार्च २०२६पर्यंत वैध लागत होतं. वडील दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून सेतू केंद्रात गेले, तीन वर्षांचे उत्पन्नाचे कागद जोडले, आणि वाट बघणं सुरू झालं. जातवैधता आधीच काढलेली होती, ही मोठी पुण्याई. पण नॉन-क्रिमीलेअर वेळेत हातात आलं नाही तर मुलगी खुल्या प्रवर्गात मोजली जाणार होती, आणि मग आमचे सगळे एल-ओबीसी-एचचे आकडे कोसळणार होते.

तिथे मी एक नियम घालून घेतला, जो आता प्रत्येक घराला सांगते. यादीच्या तळाचे पर्याय खुल्या प्रवर्गाच्या रांगेतही लागतील असे हवेत. प्रवर्गाचा आधार मधल्या आणि वरच्या पर्यायांसाठी ठेवायचा. सुरक्षित पर्याय एखाद्या कागदावर टांगलेला असेल तर तो सुरक्षित नाही. आम्ही तळाची तिन्ही नावं पुन्हा खुल्या रांगेत तपासली. दोन टिकली. तिसरं वर सरकवलं आणि त्याच्या जागी नाशिकमधलंच आणखी एक बघितलेलं कॉलेज आलं. प्रमाणपत्र पुढे वेळेत मिळालं, पण त्या मधल्या दिवसांत आई निवांत झोपली ती या दोन नावांच्या भरवशावर, असं ती नंतर म्हणाली.

पैशांचं गणित अनपेक्षित निघालं. ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं आहे, मात्र प्रवेश कॅपमधून घेतलेला हवा. संस्थास्तरावरच्या २० टक्के कोट्यातून घेतला तर नाही. वडिलांना सरकारी आणि खाजगी कॉलेजच्या फीमधला फरक डोंगराएवढा वाटत होता, तो इथे बराच उतरला. विकास शुल्क राहतं, आणि राहतो तो खरा खर्च: खोली आणि मेस. पुण्यात राहण्याचा खर्च मी त्यांना मांडायला लावला, कॉलेजच्या वसतिगृहाचा वेगळा आणि बाहेरच्या पीजीचा वेगळा. त्यातून त्यांनीच एक अट काढली. बाहेरगावचं कॉलेज घ्यायचं तर मुलींचं वसतिगृह आवारातच हवं.

या अटीमुळे अवसरीचं नाव वर आलं. मंचरजवळचं अवसरी खुर्दचं सरकारी अभियांत्रिकी कॉलेज पुणे-नाशिक रस्त्यालगतच आहे. सिन्नर, संगमनेर, आळेफाटा, नारायणगाव, की मंचर आलंच. नाशिकहून पुण्याला जाताना त्या रस्त्याने शेकडो वेळा गेलेली माणसंही या कॉलेजचा विचार करत नाहीत, कारण ते 'पुणे' नाही आणि 'नाशिक'ही नाही. बापलेक एसटीने जाऊन बघून आले. मुलीला आवार आवडलं. वडिलांना आवडलं ते हे की एकाच बसने लेक घरी पोचेल.

शेवटी २७ पर्याय राहिले. सगळे सांगत नाही, पण वरचा भाग महत्त्वाचा. पहिल्या सहांत पुण्याची मोठी कॉलेजं: सीओईपीचं ई अँड टीसी आणि इलेक्ट्रिकल, कर्वेनगरचं कमिन्स दोन शाखांसाठी, पीआयसीटीचं ई अँड टीसी आणि निगडीच्या पीसीसीओईचं ई अँड टीसी. हे सगळे तिच्या क्रमांकाच्या वरचे. वडिलांना ते वाया घालवल्यासारखे वाटत होते. तसं ते नव्हते. ऑटो फ्रीझ फक्त मिळालेल्या पर्यायाला लागतो, आणि या सहांपैकी कोणताही मिळाला तर ती आनंदाने थांबणार होती. न मिळाल्याने काही जात नव्हतं. उलट, ज्यांची खरी शक्यता होती ते सातव्यापासून सुरू झाल्यामुळे तिसऱ्या फेरीपर्यंत तिच्या हातात निवड उरत होती. सातवं के. के. वाघचं कॉम्प्युटर, आठवं अवसरीचं कॉम्प्युटर, नववं अवसरीचं ई अँड टीसी. मग पुण्या-नाशिकची मधली कॉलेजं, आणि तळाला ती बघून, ठरवून घेतलेली नावं.

सातव्या आणि नवव्या जागेवरून घरात दोन दिवस वाद झाला म्हणे. के. के. वाघ वर राहिलं ते आईच्या आग्रहाने. मुलगी म्हणाली, कॉम्प्युटर मिळत असेल तर नाशिक चालेल, ई अँड टीसी करायचं तर अवसरीलाच करीन. मला हे उत्तर फार आवडलं, कारण ते शाखा आणि कॉलेज दोन्ही एकत्र तोलून आलेलं होतं.

पहिल्या फेरीत नववा पर्याय लागला. अवसरी, ई अँड टीसी.

जागा स्वीकारली आणि बेटरमेंटला, म्हणजे ती हातात ठेवून पुढच्या फेरीत अधिक आवडीच्या जागेची वाट बघायला, राहायचं ठरलं. दुसऱ्या फेरीआधी फॉर्म पुन्हा भरायचा होता आणि इथे सगळं जवळजवळ बिघडलं. रात्री साडेनऊला मुलीचा फोन आला. आवाज दबलेला. आईचं म्हणणं होतं की नाशिकमधलं आणखी एक कॉम्प्युटर, जे पहिल्या यादीत चौदाव्या क्रमांकावर होतं, ते या फॉर्ममध्ये घाल. "लागलं तर लागलं, नाहीतर अवसरी आहेच." मुलगी आईला दुखवायला तयार नव्हती.

मी तिला फोन आईकडे द्यायला सांगितलं. म्हटलं, ताई, या फॉर्ममधलं काहीही लागलं की अवसरीची जागा आपोआप जाते. ती राखीव ठेवलेली नाही. म्हणून या फॉर्ममध्ये फक्त अवसरीपेक्षा तिला जास्त हवं असलेलंच लिहायचं. ते कॉलेज तिला अवसरीपेक्षा जास्त हवंय का, एवढं तिलाच विचारा, आणि ती नाही म्हणाली तर रागावू नका. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग आई म्हणाली, "मॅडम, मला ती जवळ हवीये, एवढंच आहे हो." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मी दिलंही नाही. आईचं ते वाटणं खोटं नाही. पण ते फॉर्मच्या रकान्यात शिरलं की त्याला मुलीच्या आवडीचा वेष मिळतो, आणि संगणकाला दोन्हींतला फरक कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीने पक्का केलेल्या फॉर्मचा फोटो पाठवला. आठ पर्याय, नवव्याच्या वरचेच. चौदावं नव्हतं.

दुसऱ्या फेरीत काही सरकलं नाही. तिसऱ्या फेरीतही नाही. के. के. वाघचं कॉम्प्युटर लागेल अशी मला आशा होती, ती फळली नाही. चौथ्या फेरीसाठी थांबायचं का, हे मी तिला विचारलं. मला वाटत होतं थांबावं. ती नको म्हणाली. वसतिगृहाचा अर्ज, कॉलेजची तयारी, मनाची तयारी, सगळं अवसरीकडे लागलं होतं. तिने जागा फ्रीझ केली.

एक गोष्ट मात्र माझ्याकडून राहिली आणि ती पुढच्या घरांसाठी लिहून ठेवते. तळाची कॉलेजं बघायला मी बापलेकीला पाठवलं, आईला नाही. शिवणाची घाई आहे, ती म्हणाली, आणि मी ते मान्य केलं. तिघं मिळून गेले असते तर त्या रात्रीचा फोन बहुधा आला नसता.

रिपोर्टिंगच्या, म्हणजे कॉलेजात हजर व्हायच्या दिवशी मात्र आई गेली. ठक्कर बाजारातून पहाटेची एसटी, सोबत गादी, बादली आणि पेढ्यांचा तोच डबा, आता लाडूंनी भरलेला. दुपारी दोनच्या सुमारास तिचाच फोन आला. वसतिगृहाच्या खोलीत तीन मुली आहेत, एक संगमनेरची आहे, खिडकीतून डोंगर दिसतो, असं सगळं सांगून झालं. मग तिने विचारलं, शनिवारी मंचरहून नाशिकला येणारी शेवटची गाडी किती वाजता असते.